राईनपाड्यातून निघालेला नियम

१ जुलै २०१८ हा रविवार होता, आणि रविवार म्हणजे राईनपाड्याच्या आठवडे बाजाराचा दिवस. राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव, पिंपळनेरच्याही पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून. बाजाराला आसपासच्या पाड्यांवरची माणसं जमली होती. खरिपाच्या पेरण्यांचे दिवस होते. त्या सकाळी एसटीतून पाच अनोळखी पुरुष उतरले आणि बाजाराच्या दिशेने निघाले.

पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा परिसरातले. मंगळवेढा हे दामाजीपंतांचं गाव. ज्वारीसाठी त्याचं नाव घेतात, पण पाऊस कमी आणि शेती बेभरवशाची. ज्यांना शेतीच नाही त्यांचं पोट फिरतीवर. डौर वाजवायचा, भैरवनाथाची गाणी म्हणायची, दारोदार भिक्षा मागायची आणि चार दिवसांनी पुढच्या गावाला जायचं, ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सरकारदरबारी त्यांची नोंद भटक्या जमातींत होते. या पाच जणांच्या कुटुंबांची पालं तेव्हा पिंपळनेरजवळ पडलेली होती.

त्यांच्यापैकी कुणीतरी बाजारात एका लहान मुलीशी बोललं, एवढंच निमित्त झालं असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. ‘मुलं पळवणारी टोळी’ फिरते आहे, ही आवई त्या भागात बरेच दिवस मोबाइलवर फिरत होती. कुणीतरी ओरडलं आणि बाजार त्यांच्या अंगावर आला. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडलं गेलं आणि तिथे काठ्या, दगड, हाताला येईल त्याने मरेपर्यंत मारलं गेलं. आधी पोचलेले मोजके पोलीस जमावापुढे अपुरे पडले, त्यांच्यावरही लोक धावून गेले. पाचही जण मेले.

हे सगळं होत असताना काही जण मोबाइलवर चित्रण करत होते. तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी महाराष्ट्रभर पोचला, आणि त्यातले चेहरे पाहूनच पोलिसांना आरोपी ओळखायला मदत झाली. दोन दिवसांत २३ जणांना अटक झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. नातेवाइकांनी आपल्या मागण्या मान्य होईपर्यंत मृतदेह ताब्यात घ्यायला नकार दिला.

त्याच रात्री शेजारच्या मालेगावातही हेच होता होता राहिलं. आझादनगर भागात बाहेरून आलेल्या पाच जणांना जमावाने घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूल होतं, आणि ते मूल पळवून आणलेलं आहे असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. तिथल्या एका तरुणाने त्यांना घरात घेतलं, दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. संतापलेल्या जमावाने पोलिसांची गाडी उलटवली, पण माणसं वाचली. एकाच दिवशी, एकाच आवईवर, दोन गावांत दोन वेगळे शेवट झाले. फरक पडला तो त्या एका दारामुळे, आणि मालेगावात पोलीस हाकेच्या अंतरावर होते त्यामुळे. राईनपाड्यात दोन्ही नव्हतं.

ही आवई आली कुठून? २०१८ च्या मे-जूनमध्ये देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतला सर्वांत गाजलेला कराचीचा होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात ती ‘रोशनी’ नावाच्या तिथल्या संस्थेची जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये तेच दोघं परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात: मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी हा शेवटचा भाग कापला. उरलेल्या तुकड्याबरोबर कधी कन्नड, कधी हिंदी, कधी मराठी मजकूर जोडला गेला आणि टोळी जिथे मजकूर वाचला जाईल त्या जिल्ह्यात येऊन पोचली. मालेगाव भागात आणखी एक चित्रफीत फिरत होती, ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची. ती २०१३ मध्ये सिरियातल्या घौटा इथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरची होती. कराचीच्या पालकांसाठी केलेली सूचना आणि सिरियातल्या आईबापांचं दुःख, दोन्ही मिळून साक्री-मालेगावच्या पट्ट्यात अनोळखी माणसाविरुद्धचा पुरावा झाली.

आवया काही मोबाइलबरोबर जन्मल्या नाहीत. याच डोंगरपट्ट्याला तोंडी निरोपाची ताकद चांगली माहीत आहे. १९२२ मध्ये पालघर किनाऱ्याच्या कोळी वस्त्यांकडून ‘देवी’चा निरोप निघाला आणि डांग-बागलाणच्या डोंगरांतून गावोगाव पसरत गेला: दारू सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. तो निरोप कुणी छापला नव्हता, त्यावर कुणाची सही नव्हती, आणि इंग्रज अधिकाऱ्यांना त्याचा उगम शोधताना घाम फुटला. तरी एक गोष्ट होती. निरोप आणणारा माणूस समोर उभा असायचा. अमक्या गावचा, तमक्याचा पोर. त्याला उलट प्रश्न विचारता यायचा, आणि खोटं निघालं तर पुढच्या बाजाराला गाठता यायचा.

छापील मजकुराची व्यवस्था तर याहून कडक होती. १८६७ च्या मुद्रण कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं सक्तीचं केलं. धुळ्याचं ‘खान्देश वैभव’ असो की जळगावची ‘प्रबोधचंद्रिका’, शेवटच्या पानाच्या तळाशी ती ओळ असायचीच. आजही प्रत्येक वर्तमानपत्रात असते, फक्त वाचत कुणी नाही. इंग्रजांनी ती घातली संपादकाची मानगूट धरता यावी म्हणून. तिचा दुसरा उपयोग वाचकाला झाला: लिहिणाऱ्याला पत्ता मिळाला. व्हॉट्सॲपने दीडशे वर्षांची ही ओळ एका झटक्यात पुसली.

आणि पुसली तीही केवढ्या वेगाने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा कवडीमोलाने मिळू लागला. ज्या पाड्यांवर वर्तमानपत्र कधी पोचलं नव्हतं, तिथे थेट व्हिडिओ पोचला. छापील शब्दावर कितपत विश्वास ठेवायचा, हे शिकायला आपल्या समाजाला चार पिढ्या मिळाल्या. मोबाइलवरच्या चित्राबाबत दोन वर्षंही मिळाली नाहीत. २०१८ पर्यंत भारतात व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांची संख्या २० कोटींच्या वर गेली होती. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसं, आणि एक संदेश एका दमात अडीचशे ठिकाणी पाठवण्याची मुभा. हिशेब करून पाहा. काका, मावश्या, शाळासोबती, गावकी, पतपेढी, भिशी, असे सगळे ग्रुप धरले तर एका अंगठ्याच्या हालचालीने आख्ख्या तालुक्याची झोप उडवता येत होती.

राईनपाडा हे पहिलं गाव नव्हतं. ८ जून २०१८ ला आसामात कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण मारले गेले. त्याच सुमारास वैजापूर तालुक्यात चांदगावला चोर समजून दोघांना मारलं गेलं. त्रिपुरातली गोष्ट तर सांगतानाही विचित्र वाटते. मुलं पळवणाऱ्या टोळीची बातमी खोटी आहे हे लाउडस्पीकरवरून गावोगाव सांगण्यासाठी सरकारने एका माणसाला नेमलं होतं. २८ जूनला, राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, त्यालाच मुलं पळवणारा समजून जमावाने मारून टाकलं. ‘चुकीच्या माहितीला खऱ्या माहितीने उत्तर द्या’ हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पुस्तकांतला पहिला धडा. तो घेऊन गावात शिरलेला माणूस गावाबाहेर आलाच नाही.

असं असूनही दिल्ली हलली ती राईनपाड्यानंतर. पाच माणसं एकाच ठिकाणी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, आणि तीही कॅमेऱ्यापुढे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने लगेच व्हॉट्सॲपला पत्र धाडलं आणि ३ जुलैला ते जाहीर केलं. आसाम, महाराष्ट्र, कर्नाटक, त्रिपुरा, पश्चिम बंगाल या राज्यांतल्या हत्यांचा उल्लेख करून असे संदेश रोखण्याची जबाबदारी कंपनीची आहे, असं त्यात बजावलं होतं. कंपनीने उत्तर दिलं: या हिंसेने आम्ही हादरलो आहोत, पण हे काम सरकार, समाज आणि कंपन्या यांनी मिळून करायचं आहे. १० जुलैला देशातल्या वर्तमानपत्रांत व्हॉट्सॲपच्या पानभर जाहिराती झळकल्या, खोटी बातमी कशी ओळखावी याच्या सूचनांसह. मोबाइलवरची अफवा आवरायला शेवटी छापील वर्तमानपत्राचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट त्या वेळी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

त्याच दिवसापासून पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. १९ जुलैला मंत्रालयाचं दुसरं पत्र गेलं. अफवा पसरण्याचं माध्यम झालेल्यांना मूकदर्शक राहता येणार नाही, तेही गुन्ह्याला साथ देणारे ठरू शकतात, असा त्याचा सूर होता. लगोलग कंपनीने जाहीर केलं की भारतात यापुढे एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल. जगात इतरत्र मर्यादा २० ची, भारतात ५ ची. चित्र-व्हिडिओंच्या शेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही भारतापुरतं काढून टाकलं. जानेवारी २०१९ मध्ये हीच पाचाची मर्यादा साऱ्या जगाला लागू झाली. ब्राझीलमध्ये, इंडोनेशियात, जर्मनीत आज जो माणूस सहाव्या ठिकाणी संदेश पाठवू पाहतो आणि अडखळतो, त्याने साक्री तालुक्याचं नाव कधी ऐकलेलं नसणार.

सरकारला हवं होतं की कंपनीने वाईट संदेश ओळखून अडवावेत. कंपनीने मात्र संदेशाला हात न लावता संख्येला हात घातला. यामागे उदात्त तत्त्व होतं असं मला वाटत नाही, तांत्रिक अडचण होती. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच मोबाइलवर उघडतो. मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. फेसबुकवर कुणी तक्रार केली तर माणूस किंवा यंत्र मजकूर वाचून तो काढू शकतं. व्हॉट्सॲपला ते शक्यच नव्हतं. वाचता येत नाही, तर मोजता येतं. म्हणून कंपनीने रस्त्यावर गतिरोधक टाकला. गाडीत कोण बसलंय, कुठे चाललंय, हे तो विचारत नाही, फक्त वेग कमी करतो.

माझ्या मते अडचणीतून का होईना, कंपनीने दोन्हींतला बरा मार्ग निवडला. कुणी म्हणेल, एका खाजगी कंपनीने माझ्या बोलण्याला संख्येची मर्यादा घालावी, हीसुद्धा मुस्कटदाबीच. मला ते पटत नाही. सेन्सॉर वाचतो आणि खोडतो. आणीबाणीत मुंबईतल्या सेन्सॉरने मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातले ११ मजकूर अडवले होते, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. तिथे प्रश्न काय छापायचं हा होता. पाचाची मर्यादा सत्याला आणि खोट्याला, सरकारच्या स्तुतीला आणि शिव्यांना, लग्नपत्रिकेला आणि अफवेला सारखीच लागू आहे. शिवाय ती मोडायलाही कुणी अडवत नाही. पाच-पाच करत पन्नास ठिकाणी पाठवा, फक्त अंगठा दुखेल. त्या दुखण्यात माणूस क्षणभर थांबेल, एवढीच या नियमाची अपेक्षा.

उलट बाजूला, ‘काय बोललास’ हे पाहणाऱ्या कायद्यांचा महाराष्ट्रातला अनुभव फारसा चांगला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल काही वाक्यं लिहिली, दुसरीने ती ‘लाइक’ केली आणि दोघींना अटक झाली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमाविरुद्धची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. दुसरी बाजूही लपवायला नको. जून २०१४ मध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली आणि पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या तरुणाला मारून टाकण्यात आलं. त्याचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता. पालघरमध्ये कायदा हकनाक धावला, हडपसरमध्ये पोचलाच नाही.

राईनपाड्यानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: ग्रुप ॲडमिन. सण आला, निवडणूक आली की ‘ॲडमिन जबाबदार राहील’ अशी तंबी देणारे संदेश आजही फिरतात. गंमत म्हणजे तेही फॉरवर्ड होऊनच येतात. गावातला हौशी ॲडमिन, बहुधा एखादा शिक्षक नाहीतर मोबाइल दुरुस्तीवाला, घाबरून ग्रुप सोडून जातो किंवा ‘फक्त ॲडमिनलाच बोलता येईल’ ही सोय लावून टाकतो. ती सोय व्हॉट्सॲपने राईनपाड्याच्या जेमतेम दोन दिवस आधी, जूनच्या अखेरीस आणली होती. कायदा काय म्हणतो हे स्पष्ट झालं १ मार्च २०२१ ला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा संगनमताचा हेतू नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. हा निकाल ॲडमिनच्या तंबीइतका फिरला नाही, हे वेगळं सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला, राईनपाड्याला तीन आठवडेही व्हायच्या आत, तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींबद्दल सविस्तर निर्देश दिले होते. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा, भडकाऊ संदेश पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, खटले जलदगती न्यायालयात शक्यतो सहा महिन्यांत संपवा, पीडितांना भरपाईची योजना करा, आणि संसदेने यासाठी वेगळा गुन्हा ठरवण्याचा विचार करावा. सरकारने यातला पसरवणाऱ्याला शोधण्याचा धागा घट्ट पकडला. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना सांगितलं की, मागितलं तर संदेशाचा पहिला लेखक कोण ते दाखवा. थोडक्यात, १८६७ ची मुद्रकाची ओळ परत आणा.

मागणी ऐकायला न्याय्य वाटते. पण वर्तमानपत्राच्या तळाची ओळ आणि आईने लेकाला धाडलेल्या निरोपावरची ओळ यांत फरक आहे. छापणारा स्वतःहून चव्हाट्यावर आलेला असतो. इथे एका अफवेचा उगम सापडावा म्हणून कोट्यवधी खाजगी निरोपांवर खूण मारून ठेवायची. मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲप या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तिथे सांगितलं की संदेशांचं ते कुलूप, म्हणजे कूटबद्धता, मोडायला लावली तर आम्हाला भारत सोडावा लागेल. शिवाय कराचीच्या फिल्मचा ‘पहिला लेखक’ शोधून काय मिळणार होतं? मूळ फिल्म करणारे निर्दोष. शेवट कापणारा कदाचित कधी खान्देशात आलाही नसेल. राईनपाड्यात काठी उचलणारे हात मात्र व्हिडिओत दिसत होते.

सरकारने खरं-खोटं ठरवण्याचा मार्गही चाचपला. २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची माहिती खोटी आहे का, हे ठरवायला सरकारचाच तथ्य-तपासणी कक्ष नेमण्याची तरतूद आली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ती दुरुस्ती घटनेत बसत नाही असा कौल दिला. यात एक गोष्ट नजरेत भरते. राईनपाड्याच्या निमित्ताने सुरू झालेल्या वादाला सहा वर्षं झाली, आणि सरकारला संरक्षण हवं होतं ते सरकारबद्दलच्या मजकुरापासून. डवरी गोसाव्यांबद्दलच्या मजकुराची तिथे कुणी आठवण काढली नाही.

मग पाचाच्या मर्यादेने काही साधलं का? कंपनीच्या सांगण्यानुसार त्यामुळे फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांत २५ टक्के घट झाली. ७ एप्रिल २०२०ला, करोनाच्या टाळेबंदीत, तिने आणखी एक पाऊल टाकलं: जो संदेश आधीच अनेक हातांतून आला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी जाईल. अशा संदेशांचं प्रमाण जगभरात ७० टक्क्यांनी उतरलं, असा तिचा दावा होता. या नव्या नियमाला नऊ दिवस होतात न होतात तोच, १६ एप्रिलच्या रात्री, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. पुन्हा आदिवासी भाग, पुन्हा राज्याची हद्द, पुन्हा मुलं पळवणाऱ्यांची आवई, आणि पुन्हा पोलीस हजर असून हतबल. त्या दिवसांत लोक रात्रीच्या गस्ती घालत होते. गस्तीवरच्या माणसाला फॉरवर्ड लागत नाही, शेजाऱ्याचं एक वाक्य पुरतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावाजवळ उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून काठ्या-पट्ट्यांनी मारलं गेलं. ते वाचले. जत तालुका मंगळवेढ्याला लागूनच आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये भारतातल्या या हिंसेचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष ‘लोक अडाणी आहेत, त्यांना मोबाइल साक्षर करा’ या सोप्या उपायाला छेद देणारा होता: माणसं संदेश पुढे पाठवतात ती तो तपासता येत नाही म्हणून नव्हे, तर ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याच्याबद्दल मनात आधीच आकस असतो म्हणून. महाराष्ट्राला हे कळायला लंडनची गरज नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जातींना जन्मतः चोर ठरवलं, सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. कायदा १९५२ मध्ये गेला. गावाच्या नजरेतला संशय गेला नाही, आणि कायद्याच्या यादीत नसलेल्या फिरस्त्यांनाही तो चिकटला. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या भिकू रामजी इदाते आयोगाने आपला अहवाल दिला, तो राईनपाड्याच्या काही महिनेच आधी. २०१८ मध्ये पालं ठोकून राहणाऱ्या माणसाकडे आधार कार्ड असू शकतं, मतदान ओळखपत्र असू शकतं. गावात शिरताना मात्र ते कुणी मागत नाही, आणि जमाव जमल्यावर कुणी वाचत नाही.

भाषेचाही एक पदर आहे. पश्चिम खान्देशात अहिराणी, भिली, पावरी, कोकणी बोलली जाते. मंगळवेढ्याचा माणूस त्या बाजारात आपली बाजू मांडू लागला तरी त्याचे हेल परकेच. यंत्रांची तीच तऱ्हा. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून दिसलं की फेसबुकच्या द्वेषमूलक मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणा हिंदी आणि बंगालीतसुद्धा तोकड्या होत्या. जिथे हिंदीची ही गत, तिथे भिलीतल्या बोललेल्या निरोपाचं कोण काय ओळखणार! ‘कृत्रिम बुद्धिमत्ता सगळा वाईट मजकूर गाळून टाकेल’ असं सांगणाऱ्यांनी राईनपाड्याच्या बाजारात एक रविवार काढावा.

सर्वोच्च न्यायालयाने सुचवलेला वेगळा गुन्हा अखेर कायद्यात आला. भारतीय न्याय संहितेच्या १०३ (२) कलमानुसार पाच किंवा अधिक माणसांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तशाच अन्य कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. ही संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, म्हणजे राईनपाड्याला सहा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. मुलं पळवणारा असल्याच्या संशयावरून अनोळखी माणसाला मारणं, हे कारण त्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही.